पायाच्या आधी घरात पाऊल

बेसा, बेलतरोडी, हिंगणा रोड. नागपूरच्या कडेला नव्या लेआउटमध्ये घर बांधायला काढलं की एक प्रसंग हमखास घडतो. ३० बाय ५० च्या प्लॉटवर ठेकेदाराची माणसं चुन्याच्या फक्कीने लाइनआउट आखतात, घरची मंडळी कौतुकाने पाहायला येतात आणि कुणीतरी म्हणतंच, "अरे, हॉल एवढासाच?" भिंती उभ्या राहिल्या की मोठा वाटेल, असं ठेकेदार सांगतो, आणि बहुतेक वेळा त्याचं खरंही ठरतं. उघड्यावर नजर त्या पांढऱ्या चौकोनाला अख्ख्या मोकळ्या जागेशी ताडून पाहते. भिंती आल्या की ताडायला खोलीतल्याच वस्तू उरतात.

पण ती शंका विचारणाऱ्याच्या हातात तेव्हा दुसरं काहीच नसतं. नकाशावर '१० बाय १२' हे आकडे वाचता येतात, त्या खोलीत वावरणं कसं असेल हे त्यातून कळत नाही. आर्किटेक्ट वर्षानुवर्षांच्या सरावाने ते मनात उभं करतो. ज्याच्या नावावर कर्ज आहे आणि ज्याचं पुढचं आयुष्य त्या चौकोनात जायचं आहे, त्याला मात्र ते दिसत नाही. कॉलमचे खड्डे भरले आणि स्लॅब पडला की दिसायला लागतं, पण तोवर आरसीसी सांगाड्यातला कॉलम सरकवण्याची सोय राहिलेली नसते.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे व्हीआर, आपल्याला संगणकाने उभ्या केलेल्या जागेत प्रत्यक्ष असल्याचा भास देते, आणि ही दरी भरून काढू शकते. ती कशी, हे समजायला आधी डोळ्यांकडे जावं लागेल. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला समोरचं दृश्य किंचित वेगळं दिसतं आणि या फरकावरून वस्तू किती दूर आहे याचा अंदाज मेंदू बांधतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणाऱ्या स्टिरिओस्कोपचं वर्णन करून हे दाखवून दिलं. व्हीआरसाठी डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये हेच तत्त्व वापरलेलं असतं, फक्त दोन्ही चित्रं संगणक तयार करतो आणि डोकं हललं की ती नव्याने काढतो. डोकं किती वळलं आणि कुठे सरकलं हे गतिमापक संवेदक आणि कॅमेरे सतत मोजत राहतात. मान वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला, तर डोळे एक सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरंच. मग मळमळायला लागतं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण विक्री कार्यालयांत दोन्ही गोष्टींना सर्रास 'व्हीआर' म्हणतात. एक असतो ३६० अंशांचा फोटो. त्यात मान फिरवून चहूकडे पाहता येतं, पण तुम्ही एका जागी खिळलेले असता. पुढे झुकलात, खाली वाकलात, तरी दृश्य तेच राहतं. दुसरं असतं त्रिमितीय मॉडेल. त्यात पाऊल टाकलं की तुम्ही खरंच पुढे जाता, ओट्याखाली वाकून पाहता येतं, दाराआडून डोकावता येतं. घराचा अंदाज घ्यायचा तर दुसराच प्रकार हवा. रेव्हिट किंवा स्केचअपमध्ये काढलेल्या मॉडेलवरून तो तयार करता येतो, आणि ही सॉफ्टवेअर आज अनेक आर्किटेक्टच्या ऑफिसात असतात.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा त्रिमितीय डिस्प्ले १९६८ मध्ये जगासमोर ठेवला. इमारतींसाठी त्याचा उपयोग करण्यात फ्रेडरिक ब्रूक्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं काम मोलाचं आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांच्याच संगणकशास्त्र विभागासाठी सिटरसन हॉल ही इमारत व्हायची होती. ती उभी राहण्याआधी, १९८० च्या दशकात, त्यांनी तिचं संगणकी मॉडेल करून त्यात फेरफटका मारला. लॉबीतली एक विभाजक भिंत त्यांना अडचणीची वाटत होती. आर्किटेक्टना मॉडेलमधून फिरवल्यावर त्यांनाही ते पटलं आणि भिंत सरकवली गेली. त्या काळच्या यंत्रावर चित्रं ओबडधोबड होती, तरी ती भिंत कळण्यापुरती पुरेशी ठरली. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मात्सुशिता इलेक्ट्रिक वर्क्सने टोकियोतल्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांना हेडसेट घालून स्वतःचं होऊ घातलेलं स्वयंपाकघर पाहण्याची सोय केली. घराच्या बाबतीत व्हीआर आधी स्वयंपाकघरात पोचलं, हे मला फार योग्य वाटतं. घरात इंचाइंचाचा हिशेब लागतो तो तिथेच.

हा हिशेब एकदा मांडूनच पाहू. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वयंपाकघराची रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट लागते. ओटा दोन फूट गेला, समोरच्या भिंतीला फ्रिज आणि धान्याच्या डब्यांची मांडणी आली की तीही दोन-सव्वादोन फूट. मधे उरतात पावणेदोन ते दोन फूट. त्यात फ्रिजचं दार उघडायचं, कुकर उतरवायचा, आणि तेवढ्यात मागून कुणी पाण्याला आलं तर? कागदावर ही खोली नियमात बसते. हेडसेट घालून त्यात उभं राहिलं की पहिल्याच वळणाला कोपर कुठे लागणार ते कळतं. म्हणून माझा आग्रह असा की हेडसेट पहिल्यांदा त्या घरात रोज ओट्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जावा. आपल्याकडे तो बहुधा चेक देणाऱ्याच्या डोक्यावर जातो. आजी-आजोबांनाही बसवून दाखवावं. पलंगावरून उठून रात्री संडासापर्यंत जायची वाट, वाटेतले उंबरे, जिन्याच्या पायऱ्या त्यांच्या नजरेतून पाहिल्या की नकाशावर कधी न निघालेले प्रश्न निघतात. नजरेची उंची मात्र प्रत्येकासाठी नीट लावून घ्यायला हवी. खोली किती मोठी आहे हे ठरवताना आपण नकळत स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीचं माप वापरतो, आणि ती सेटिंगमध्ये चुकली की सगळं घरच लहान-मोठं भासतं.

आणखी एक मर्यादा आहे. हेडसेटमध्ये अंतरं प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतात, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात त्या वेळच्या यंत्रांवर लोकांचा अंदाज सरासरीने खऱ्या अंतराच्या ७४ टक्के निघाला होता. नंतरच्या हेडसेटमध्ये ही तूट कमी झाली, पण पुरती गेलेली नाही. त्यामुळे 'हॉल लहान वाटतो' एवढ्यावर भिंत सरकवण्याची घाई करू नये. आधी सध्या राहता त्या घराचा हॉल मोजून तसाच मॉडेलमध्ये करून घ्यावा, त्यात उभं राहावं आणि मग नव्यात जावं. ओळखीची खोली मनात असली की तुलना बरीच विश्वासार्ह होते.

आता ऊन. नागपुरात घर पाहायचं तर मे महिन्याच्या दुपारी पाहावं, आणि व्हीआरमध्ये ते डिसेंबरातही करता येतं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. अशा गावात खिडकी कुठे असावी हा प्रश्न सजावटीच्या कितीतरी आधी येतो. मॉडेलला अक्षांश-रेखांश, उत्तर दिशा, तारीख आणि वेळ दिली की सूर्य कुठे असेल हे सॉफ्टवेअर नेमकं काढतं, कारण ते शुद्ध खगोलगणित आहे. १५ मे, दुपारचे साडेचार ही वेळ घेऊ. नागपुरात तेव्हा सूर्य क्षितिजापासून सुमारे २९ अंश वर असतो, आणि दिशा जवळपास थेट पश्चिम, उत्तरेकडे दहाएक अंश झुकलेली. पश्चिमेच्या भिंतीत चार फूट उंच खिडकी आहे आणि तिच्या माथ्यालगत दोन फुटी छज्जा आहे, असं धरा. गणित केलं तर त्या छज्जाची सावली खिडकीच्या वरच्या फूटभर भागावर, फार तर थोडी अधिक पडते. उरलेल्या खिडकीतून ऊन सरळ आत येतं. खिडकीची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर असेल, तर ते दहा फूट आतपर्यंत पोचतं, म्हणजे थेट पलंगावर. तोच छज्जा दक्षिणेच्या खिडकीवर मेच्या भर दुपारी पूर्ण सावली देतो, कारण सूर्य तेव्हा डोक्यावर असतो. 'छज्जा आहे ना' असं म्हणून पश्चिमेचा प्रश्न मिटत नाही. तिथे उभे पडदे, जाळीची भिंत, झाड किंवा खिडकीच दुसरीकडे नेणं यांचा विचार करावा लागतो.

उत्तरेचंही ऐकून ठेवा. 'उत्तरेला ऊन येत नाही' हे आपल्या अक्षांशावर बाराही महिने खरं नाही. नागपूर २१.१५ अंशांवर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे भर दुपारचा सूर्यही डोक्यापासून किंचित उत्तरेकडे असतो. जूनमध्ये तो मावळतो तो ठीक पश्चिमेला न मावळता सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून. संध्याकाळचं तिरपं ऊन त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही शिरतं. मॉडेलमध्ये वेळेचा काटा दुपारी तीनपासून सातपर्यंत सरकवून ही सावली जमिनीवरून चालताना पाहणं, मला व्हीआरचा सगळ्यात उपयोगी भाग वाटतो. फक्त उत्तर दिशा बरोबर लावली आहे ना, हे आधी विचारा. मॉडेल वीस अंश फिरलेलं असेल तर सगळं सुंदर दिसेल आणि सगळं चुकीचं असेल.

आणि कूलर! नागपूरच्या घराचं मॉडेल कूलरशिवाय दाखवलं तर ते अपुरं समजावं. कोणत्या खिडकीत बसणार, त्याचं स्टँड साइड मार्जिनमधली वाट अडवणार का, ताट्या बदलायला माणूस तिथे उभा राहू शकेल का, पाण्याचा नळ किती दूर? त्याची थंड, ओलसर हवा आत यायची तर आतली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला उघडी वाट लागते. ती वाट आहे की नाही हे मॉडेलमध्ये चालत जाऊन पाहता येतं.

गारवा मात्र हेडसेट दाखवू शकत नाही, आणि तापही नाही. चुना मारलेल्या गच्चीवर मेच्या दुपारी जो लखलखाट असतो, तो प्रति चौरस मीटर वीस हजार कँडेलांच्या (कँडेला हे प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) वर जातो. घरगुती हेडसेटचा पडदा शंभरेक कँडेलांपर्यंत पोचतो. डोळे दिपणं त्यामुळे त्यात अनुभवता येत नाही. दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री आत उष्णता सोडत राहते, तेही दिसत नाही. त्यासाठी उष्णतेचं वेगळं गणित करावं लागतं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला आपल्या हवामानासाठी प्रति चौरस मीटर १५ वॉटची मर्यादा दिली आहे. नकाशा करताना आर्किटेक्टला हा आकडा विचारावा.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी वेगळी खबरदारी. मॉडेलमध्ये खोलीची मापं खरी असली, तरी तिच्यात ठेवलेलं फर्निचर लहान करणं अगदी सोपं असतं. डबलबेड सहा बाय साडेसहा फुटांचा आहे ना, सोफा पुढून मागे किती आहे, दारं बसवून दाखवली आहेत ना आणि ती उघडतात का, हे विचारून घ्या. भिंतीची जाडी प्लास्टरसकट धरली आहे का, तेही. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका पाहून पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर बिल्डर भरपाई देण्यास बांधील असतो. म्हणून हेडसेटमध्ये जे पाहिलं, त्यातली खिडक्यांची मापं, छताची उंची आणि कार्पेट एरिया मंजूर नकाशाशी ताडून पाहावेत, आणि करारावर सही करण्याआधी ते लेखी मागून घ्यावेत.