हरणांच्या चराईचे मूल्यमापन (कोकण)

हरणांच्या चराईचे मूल्यमापन : रानातली हरणे कोणता झाडोरा, किती आणि कोणत्या वयाचा खातात, आणि त्यामुळे झाडांची पुढची पिढी उभी राहते की खुंटते, हे ठरावीक जागी व ठरावीक वेळी मोजून पाहण्याची पद्धत. स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरणांनी आणि न्यूझीलंडमध्ये बाहेरून आणून सोडलेल्या हरणांनी जंगलाची नवी वाढ रोखली; या कामाची बरीचशी तंत्रे त्यातूनच घडली. भारतातले ठळक उदाहरण अंदमानचे. ब्रिटिशांनी तिथे चितळ नेऊन सोडले, खाणारा वाघ-बिबट्या बेटांवर नव्हताच, आणि रोपांचा थर विरळ होत गेला. कोकणातला प्रश्न इतका सरळ नाही. इथे पाल्यावर डोळा ठेवणारे अनेक आहेत आणि बहुतेक ठिकाणी हरणाचा वाटा त्यांत लहानच असतो.

कोकणात खरी हरणे म्हणजे सांबर, भेकर आणि मोजक्या जागी चितळ. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चितळ आणि सांबर दोन्ही आढळतात. मुरूड-रोह्याकडचे फणसाड हे पूर्वी जंजिरा संस्थानचे शिकारीचे रान. १९८६ साली ते अभयारण्य झाले. तिथे सांबर आणि भेकर आहेत. पिसोरीला (माउस डियर) गावात हरणच समजतात, पण तिचे कूळ वेगळे; गवा तर गाई-म्हशींचा भाऊबंद. नोंदवहीत प्रत्येकाला स्वतंत्र रकाना हवा, कारण आवड आणि उंची दोन्ही निराळ्या. चितळ पावसाळ्यात मुख्यतः गवतावर असतो आणि गवत वाळले की पाल्याकडे वळतो. भेकर कोवळी पालवी, कळ्या आणि खाली पडलेली फळे वेचतो. सांबर गवत आणि पाला दोन्ही खातो, आणि त्याचे तोंड भेकराच्या कितीतरी वर पोचते.

पहिला पुरावा म्हणजे चावा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे डहाळी फाटून तुटते आणि टोक चिंधीसारखे राहते. सशाने किंवा साळिंदराने कुरतडलेले टोक तिरके व स्वच्छ असते. इथवर पुस्तकी माहिती चालते. पण गाय आणि शेळी यांनाही वरचे पुढचे दात नसतात! त्यामुळे नुसता चावा पाहून ‘हे हरणाचे काम’ असे लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जोडीला लेंड्या, खुरांचे ठसे, खाल्लेल्या फांदीची जमिनीपासूनची उंची आणि शक्य असेल तिथे कॅमेरा लागतो. सांबराने शिंगे घासून सोललेली कोवळी खोडे ही त्यातल्या त्यात भरवशाची खूण.

गुरांखेरीज कोयता आहे. भाताच्या रोपासाठी राब भाजायला, म्हणजे रोपवाटिकेची जमीन पाला-फांद्या जाळून तयार करायला, ऐन-किंजळाची कवळे (पाल्याच्या डहाळ्या) तोडतात. तोडलेल्या खोडावर हाताच्या उंचीला रसाळ फुटवे येतात आणि नेमके तेच आधी खाल्ले जातात. मग झाड खुरटले ते तोडीमुळे की चरण्यामुळे? त्यात वणव्याची भर. रानमोडी आणि घाणेरी ही नावडती झुडपे पसरणे हे जास्त चराईचे लक्षण मानतात, पण तोड आणि आग यांच्यामागूनही ती तशीच पसरतात.

हा गुंता सोडवायला कुंपण हाच खरा उपाय. एकसारख्या जमिनीवर तीन चौकोन आखायचे : एक उघडा, दुसऱ्याला गुरे अडतील पण सांबर-चितळ उडी मारून जातील असे ठेंगणे कुंपण, आणि तिसऱ्याला साधारण अडीच मीटर उंच जाळी, खालून भेकर शिरू नये म्हणून जमिनीला टेकलेली. उघड्या आणि ठेंगण्या चौकोनातला फरक गुरांचा, ठेंगण्या आणि उंच चौकोनातला हरणांचा. कोयता मात्र तिन्हींपासून दूर ठेवावा लागतो. मोजायचे काय, तर रोपांची संख्या, उंचीचे गट, शेंडा शाबूत की खाल्लेला, आणि धामण, बोर, बांबूचे कोंब अशा आवडत्या वनस्पतींची स्थिती. फरक दिसायला काही वर्षे जातात. एका हंगामाच्या आकड्यावर निष्कर्ष काढणे घाईचे.

वेळ पावसाप्रमाणे ठरते. लेंड्यांची मोजणी उन्हाळ्यातच करावी. जून लागला की शेणकिडे आणि धो-धो सरी त्या दिसेनाशा करतात. नवी रोपे पावसानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास मोजावीत. कारवी या झुडपाच्या रानात आणखी एक अडचण आहे. ती आठव्या वर्षी एकदाच फुलते आणि मरते. संजय गांधी उद्यानात २००८ आणि २०१६ साली असा बहर आला होता. त्यानंतर जमिनीवर अचानक ऊन पोचते आणि रोपांची गर्दी होते. ते वर्ष नोंदले नाही, तर ‘हरणे कमी झाल्याने रान सुधारले’ असा चुकीचा अर्थ निघतो.

परिणाम म्हणजे नुकसानच, असेही नाही. चितळ, सांबर आणि भेकर आवळा गिळतात आणि रवंथ करताना त्याची बी मूळ झाडापासून दूर टाकतात. बसण्याच्या जागी सापडणाऱ्या अशा बिया नुकसानीच्या रकान्याशेजारीच नोंदवाव्या लागतात.

रत्नागिरीत रान मुख्यतः खासगी मालकीचे. मालकाने तोड विकली की वर्षानुवर्षे जपलेला चौकोन एका आठवड्यात संपतो. म्हणून दीर्घकाळाचे चौकोन अभयारण्यात घालावेत, किंवा जिथे गाव कुऱ्हाड लावू देत नाही अशा देवराईत, आणि तिथेही गावकीला विचारूनच.