ऑटिझम असलेल्या मुलाची शाळा : दोन खात्यांचा इतिहास

महाराष्ट्रात ऑटिझम असलेल्या मुलासाठी शाळा शोधणाऱ्या पालकांना दोन वेगळी दारं ठोठावावी लागतात. नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाच्या, तर विशेष शाळा वर्षानुवर्षं समाजकल्याण खात्याच्या आणि २०२२च्या अखेरीपासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाच्या. ही फाळणी जुनी आहे आणि मुलाच्या वाट्याला कोणता वर्ग येतो, ते आजही बऱ्याच अंशी तिच्यावरच ठरतं.

विशेष शाळा मुळात ऑटिझमसाठी निघाल्याच नाहीत. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन करणारा निबंध १९४३ साली छापला, तेव्हा कुठे ऑटिझमला वेगळी ओळख मिळू लागली. मुंबईतली जय वकील शाळा १९४४ची, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी तिच्या पालकांनी सुरू केलेली. पुढे निघालेल्या अशा शाळांमध्ये वय आणि बुद्ध्यांक पाहून गट पाडण्याची पद्धत रुळली. बोलणं उशिरा आलेलं किंवा न आलेलं मूल तोंडी प्रश्नांच्या चाचणीत मागे पडतं. त्यामुळे आकडेमोड सहज करणारं मूलही मणी ओवण्याच्या गटात जाऊन बसे. हा दोष मुलाचा नव्हे, मोजमापाचा.

कायद्यानेही बराच काळ हेच केलं. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. दिव्यांगत्वाचा दाखला हवा तर बहुधा ‘मतिमंदत्व’ याच रकान्यात जावं लागे आणि बुद्ध्यांक ७०च्या वर असेल तर तोही मार्ग बंद. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमचं नाव घेतलं, पण त्याचा भर पालकत्व आणि सांभाळावर होता, शाळेवर नाही.

शाळेचं दार उघडलं ते आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामुळे. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं वंचित गटात आली आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा त्यांनाही खुल्या झाल्या. तीव्र किंवा बहुविकलांग मुलांसाठी घरी शिकण्याची सोयही याच दुरुस्तीतली. काही शाळा तीच पुढे करून मुलाला घरी बसवू पाहतात. ती निवड मुलाची आणि पालकांची आहे, शाळेची नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला आणि ऑटिझम २१ प्रकारांत आला. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा आपल्या पसंतीची विशेष शाळा, दोन्हींत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. टक्केवारी ‘आयसा’ या भारतीय मापनश्रेणीवर ठरते : ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. इथे नेहमी होणारी गफलत म्हणजे पालक मुलाच्या चांगल्या दिवसाचं वर्णन करतात आणि गुण कमी भरतात. आठवडाभराच्या रोजच्या नोंदी आणि घरचे व्हिडिओ घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला जावं. जुना दाखला मतिमंदत्वाचा असेल तर फेरतपासणी आधीच करून घ्यावी. दहावीच्या सवलती दाखल्यावरच्या प्रकारानुसार मिळतात आणि ऐन परीक्षेच्या वर्षी धावपळ होते.

शिक्षकांचा प्रश्न मात्र मागेच राहिला. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. प्रत्यक्षात समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचा विशेष शिक्षक अनेकदा तालुक्यातल्या कित्येक शाळा फिरत असतो. म्हणून ‘विशेष शिक्षक आहेत का’ हा प्रश्न पुरत नाही. आठवड्यात किती तास, आमच्या मुलाबरोबर किती, आणि विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी चालू आहे का, हे विचारावं.

ही उणीव भरायला खासगी शाळांत पालकांच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात एकाच मुलासोबत बसून त्याला मदत करणारी शिक्षिका, आली. तिचा उपयोग खरा आहे, पण वर्गशिक्षिका मुलाशी थेट बोलणंच सोडून देते, हा धोकाही तितकाच खरा. त्या एका मुलासाठी शाळेने आखलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात कोणत्या तासाला शॅडो मागच्या बाकावर जाईल, हे लिहून घ्यावं आणि दर तीन महिन्यांनी ते तास वाढवावेत. सुरुवात चित्रकला किंवा पीटीच्या तासाने नको. तिथे गोंगाट जास्त आणि क्रम सैल असतो. ठरलेल्या क्रमाने चालणारा गणिताचा तास पुष्कळ मुलांना सोपा जातो.