एल्कची वजाबाकी

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाबद्दल दोन गोष्टी कायम फिरत असतात. पहिली गोड आहे: लांडगे परत आले, हरणं बिचकली, झाडं वाढली आणि चक्क नद्यांनी पात्रं बदलली. दुसरी तिथल्या शिकाऱ्यांची आहे: १९९४ साली उद्यानाच्या उत्तर भागात सुमारे १९ हजार एल्क ही मोठी हरणं होती, २०१३ मध्ये ती ४ हजारांच्याही खाली गेली, आणि मधे १९९५-९६ साली सरकारने कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. लांडग्यांनीच एल्क संपवली, याला आता याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आकडे खरे आहेत. घोळ आहे तो वजाबाकीत. लांडग्याने एक एल्क मारलं म्हणजे पुढच्या वर्षीच्या गणतीत एक एल्क कमी भरणार, हे आपण गृहीतच धरतो. जंगलात हिशोब इतका सरळ क्वचितच लागतो.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून दांडगं हरीण. मोठी मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. १९२६ पर्यंत यलोस्टोनमधले लांडगे मारून संपवले गेले होते. त्यानंतरच्या सत्तरेक वर्षांत एल्कची संख्या कधी माणसांनी गोळ्या घालून कमी केली, कधी कडक हिवाळ्याने. हा हिवाळा नीट समजून घेतला पाहिजे, कारण खरा हिशोबनीस तोच आहे.

पॉल एरिंग्टन नावाचा शास्त्रज्ञ अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या दलदलींत मस्करॅट या उंदीरवर्गातल्या पाणप्राण्याचा अभ्यास करत असे. त्याच्या लक्षात आलं, की दलदलीत चांगल्या जागा ठरावीकच असतात. ज्यांना जागा मिळत नाही ते या ना त्या कारणाने मरतातच. मिंक या छोट्या शिकारी प्राण्याने खाल्लं नाही तर थंडीने, नाहीतर रोगाने. एसटीत ५० आसनं आहेत आणि रांगेत १०० माणसं. रांगेतून २० जण कंटाळून घरी गेले, तरी गाडी सुटताना आत ५०च. याला भरपाईचा मृत्यू म्हणतात: एका कारणाने झालेले मृत्यू दुसऱ्या कारणाच्या खात्यातून वळते होतात. याउलट, शिकारी नसता तर जो प्राणी नक्की जगला असता तो मेला, तर तो भरीचा मृत्यू. फक्त तिथेच साधी वजाबाकी चालते.

१९७६ साली अँडरसन आणि बर्नहॅम यांनी जंगली बदकांच्या शिकारीचा अभ्यास करताना हे एका सूत्रात बसवलं:

जगण्याचं प्रमाण = मूळ प्रमाण × (१ − ब × शिकारीचं प्रमाण)

इथे ब म्हणजे शिकारीतले मृत्यू किती भरीचे, याचं माप: शून्य म्हणजे पूर्ण भरपाई, एक म्हणजे सगळे भरीचे. समजा शिकारी नसताना १०० पैकी ५० पिल्लं हिवाळा काढतात, म्हणजे मूळ प्रमाण ०.५. शिकाऱ्याने २० टक्के पिल्लं नेली. ब शून्य असेल तर वसंतात तरीही ५०च दिसतील. ब एक असेल तर ०.५ × ०.८, म्हणजे ४०. ब मधे कुठेतरी असेल तर संख्याही मधे कुठेतरी. गंमत अशी, की ब स्थिर नसतो. कळप दाटीने राहत असेल आणि चारा अपुरा असेल, तर तो शून्याकडे झुकतो, कारण एक तोंड कमी झालं की दुसऱ्याच्या वाट्याला दोन घास जास्त येतात. कळप विरळ झाला की हिवाळ्यात उपाशी मरणारं फारसं कोणी उरत नाही, भरपाई कुठून करणार? मग ब एककडे सरकतो. शिवाय हिवाळ्याने जेवढे मारले असते त्याहून जास्त शिकाऱ्याने मारले, तर भरपाईचा प्रश्नच मिटतो. म्हणजे तोच लांडगा, तेच जंगल, पण १९ हजारांच्या कळपावरचा त्याचा परिणाम आणि ५ हजारांच्या कळपावरचा परिणाम यांचं गणित वेगळं.

ब कागदावर ठीक, पण मेलेलं एल्क मरणारच होतं का, हे कसं ओळखायचं? त्यासाठी संशोधक बर्फातल्या सांगाड्यापाशी जातात, मांडीचं हाड फोडतात आणि आतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, बघतात. उपासमारीत शरीर चरबी ठरलेल्या क्रमाने खर्च करतं: आधी कातडीखालची, मग मूत्रपिंडाभोवतीची, सगळ्यात शेवटी हाडातली. धडधाकट जनावराचा मगज पांढरट आणि मेणासारखा घट्ट असतो. भुकेने खंगलेल्याचा लालसर, पाणचट, बोटाने हलवला तर थरथरणारा. मग दात काढून त्याचा पातळ काप करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वर्षागणिक पडलेली वलयं मोजून वय ठरवतात.

या वयांनी वादाची बाजूच बदलली. यलोस्टोनच्या उत्तर कळपात लांडग्यांनी मारलेल्या प्रौढ माद्यांचं सरासरी वय १४ वर्षांच्या आसपास निघालं. माणसांनी बंदुकीने मारलेल्यांचं साडेसहाच्या आसपास. चौदा वर्षांच्या मादीच्या दाढा झिजलेल्या असतात आणि तिच्याकडून फार पिल्लांची अपेक्षा उरलेली नसते. सहा वर्षांची मादी ऐन भरात असते, पुढची कित्येक वर्षं जवळजवळ दरवर्षी एक पिल्लू देणारी. मृत्यू दोन्हीकडे एकच, पण कळपाच्या भविष्यातून जाणारा वाटा सारखा नाही. त्या काळात उद्यानाबाहेर गार्डिनर गावाजवळ ऐन हिवाळ्यात माद्यांच्या शिकारीचा खास हंगाम चालत असे. २००० नंतर परवाने झपाट्याने कमी करत शेवटी तो बंद केला गेला. तक्रार करणाऱ्यांच्या हिशोबात हा रकाना सहसा नसतो.

अस्वलांचाही नसतो. २००३ ते २००५ मध्ये नवजात पिल्लांच्या कानाला ट्रान्समीटर लावून मृत्यूची कारणं शोधली, तेव्हा पहिल्या महिनाभरातल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त अस्वलांच्या नावावर निघाले. लांडग्यांचा वाटा त्यापुढे किरकोळ होता. त्यात १९९६-९७चा हिवाळा भयंकर होता आणि पुढे दुष्काळही पडला.

मग लांडगा निर्दोष? तसंही नाही. आयडाहो राज्याच्या लोलो भागात १९८९ साली सुमारे १६ हजार एल्क होती, २०१०च्या सुमारास ती २ हजारांवर आली. तिथली घसरण लांडगे येण्याआधीच सुरू झाली होती: १९१०च्या महावणव्यानंतर उगवलेली कोवळी झुडपं, ज्यांवर कळप फोफावला होता, ती हळूहळू दाट जंगलाखाली गेली. पण कळप विरळ झाल्यावर लांडग्यांचे बळी भरपाईचे राहिले नाहीत, भरीचे झाले, आणि कळप वर यायला लांडगे अडसर ठरले. तिथल्या शिकाऱ्यांचा राग मला खोटा वाटत नाही. त्यांनी एका खोऱ्याचा राग अख्ख्या राज्यावर काढला, हे खटकतं. आयडाहोत सुमारे सव्वा लाख एल्क आहेत. तरी २०२१ साली लांडगे मारण्यावरची बहुतेक बंधनं उठवणारा कायदा झाला आणि त्याचे समर्थक दीड हजार लांडगे दीडशेवर आणण्याची भाषा करत होते. हेच सूत्र लांडग्यांनाही लागू पडतं, हे त्यांच्या गावी नसावं. दरवर्षी काही टक्के लांडगे मारले तरी उरलेल्यांच्या पिल्लावळीतून आणि बाहेरून येणाऱ्या तरुण लांडग्यांतून भरपाई होते. किती टक्क्यांपर्यंत, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत.

‘कॅनडातून आणलेला लांडगा ही वेगळीच राक्षसी जात आहे’ ही तिकडची लाडकी भुताची गोष्ट. जात एकच आहे. थंड मुलुखात तो अंगाने मोठा होतो इतकंच. आपल्या सोलापूर-नगरच्या माळावरचा लांडगा वीस किलोच्या आसपास भरतो, तिकडचा चाळीस-पन्नास. आणि हे प्राणी शेकडो किलोमीटर सहज भटकतात, त्यांना देशाची सीमा कोण दाखवणार?

आता नद्यांची गोड गोष्ट. दोन दशकं चाललेल्या प्रयोगात संशोधकांनी यलोस्टोनच्या ओढ्यांवर कृत्रिम बांध घातले आणि कुंपणं उभारली. जिथे चरणं थांबलं आणि पाणीही अडलं, तिथे विलो हे ओढ्याकाठचं झुडूप चांगलं वाढलं. बांध नसलेल्या जागी वाढ तोकडीच राहिली. ओढ्यांवर काटक्यांचे बांध घालणारे बीव्हर हे प्राणी गेल्यावर ओढे खोल कापले गेले, भूजल खाली गेलं, आणि ते काही लांडग्याला वर आणता येत नाही.

भीतीचा परिणाम खोटा मात्र नाही, तो वेगळ्याच ठिकाणी सापडला. अमेरिकेच्याच विस्कॉन्सिन राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणं भरमसाट आहेत आणि गाड्यांना धडकून मरतात, माणसांनाही मारतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे लांडगे स्थिरावले त्या जिल्ह्यांत अशा धडका सरासरी २४ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. यातला मोठा वाटा हरणांची संख्या घटल्याचा नव्हता, वागणं बदलल्याचा होता: लांडगे रस्ते आणि मोकळे पट्टे धरून फिरतात, म्हणून हरणं तिथे रेंगाळेनाशी झाली असावीत. गुरं मारल्याची जी भरपाई राज्य देतं, तिच्या कित्येक पट पैसे यातून वाचतात, असा त्या संशोधकांचा हिशोब आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत विस्कॉन्सिनने लांडग्यांची शिकार खुली केली. राज्याच्या शिकाऱ्यांना ११९ची मर्यादा होती. तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले.