वाहनचालक अनुज्ञप्ती

वाहनचालक अनुज्ञप्ती : सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यास एखादी व्यक्ती पात्र आहे असे मान्य करून शासनाने तिला ठरावीक वाहनवर्गापुरता आणि ठरावीक मुदतीपुरता दिलेला लेखी अधिकार. भारतात हा विषय मोटार वाहन अधिनियम, १९८८ (अंमल १ जुलै १९८९ पासून) व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांखाली येतो. प्रत्यक्ष कामकाज राज्यांच्या परिवहन विभागांकडे, म्हणजे महाराष्ट्रात प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन कार्यालयांकडे असते. ‘आरटीओ’ हा शब्द लोकांच्या तोंडी कार्यालयासाठीही येतो आणि तिथल्या अधिकाऱ्यासाठीही.

संज्ञा : बोलण्यात ‘लायसन’, वर्तमानपत्रांत ‘वाहन परवाना’ आणि शासकीय मराठीत ‘अनुज्ञप्ती’ असे तीन शब्द एकाच गोष्टीसाठी चालतात. त्यांतला ‘परवाना’ घोटाळा करतो. मूळ फार्सी असलेला हा शब्द मराठेकालीन कागदपत्रांत लेखी हुकूम किंवा संमतिपत्र या अर्थाने आढळतो. परिवहन विभागाच्या परिभाषेत मात्र परवाना मिळतो तो वाहनाला, म्हणजे ते भाड्याने किंवा मालवाहतुकीसाठी रस्त्यावर आणण्याचे ‘परमिट’. अनुज्ञप्ती माणसाला मिळते. रिक्षाचालकाजवळ स्वतःची अनुज्ञप्ती व बॅज लागतो आणि रिक्षाचा परवाना वेगळा लागतो. हा भेद न पाळल्यामुळे बातम्यांचे अर्थ बदलतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मराठीच्या सक्तीची जी परिपत्रके रद्द केली, ती ऑटोरिक्षांच्या परमिटांसंबंधी होती. तरीही ‘लायसनसाठी मराठी नको’ असा त्या निकालाचा अर्थ अनेकांनी घेतला. ‘अनुज्ञप्ती’ हा संस्कृतोद्भव शब्द राज्यस्थापनेनंतर प्रशासनाच्या मराठीकरणात रुळला असावा. तो जड आहे, पण नेमका आहे. म्हणून या नोंदीत तोच वापरला आहे.

उगम : जगातील पहिली अनुज्ञप्ती कोणती, यावर एकमत नाही. जर्मनीतील बाडेनच्या प्रशासनाने १८८८ च्या ऑगस्टमध्ये मोटार बनविणारे अभियंते कार्ल बेंझ यांना मॅनहाइम व आसपासच्या रस्त्यांवर आपली मोटार चालविण्याची लेखी मुभा दिली. बरेच लेखक तीच पहिली मानतात. मात्र ती एका नव्या यंत्राला रस्त्यावर येऊ देण्याची मुभा होती. चालकाचे कौशल्य तपासण्याचा प्रश्न तिच्यात नव्हता. त्याच महिन्यात बेंझ यांच्या पत्नी बेर्टा मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला मोटार घेऊन गेल्या, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावावर अशी कोणतीही मुभा नव्हती. दुसरा पक्ष पॅरिसच्या पोलीस प्रशासनाच्या १४ ऑगस्ट १८९३ च्या आदेशाकडे बोट दाखवतो. त्यानुसार यांत्रिक वाहन चालविणाऱ्याने आपली पात्रता दाखवून प्रमाणपत्र घ्यायचे होते. अनुज्ञप्तीचा गाभा व्यक्तीची पात्रता हा धरला, तर हा दुसरा दावा अधिक पटणारा आहे.

ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटारकार कायद्याने १ जानेवारी १९०४ पासून अनुज्ञप्ती सक्तीची झाली, पण तिच्यासाठी चाचणी नव्हती. शुल्क भरले की कागद हाती येई. सक्तीची चाचणी तिथे १ जून १९३५ पासून आली. भारतातील आरंभीचे कायदे याच ब्रिटिश वळणाचे दिसतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईसह काही प्रांतांनी आपापले मोटार कायदे केले. पुढे १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने त्यांना एक चौकट दिली, आणि १९३९ च्या सविस्तर कायद्याने १९८८ च्या अधिनियमापर्यंतचा सगळा काळ व्यापला.

वय व वर्ग : सर्वसाधारण किमान वय १८ वर्षे आणि परिवहन वाहनासाठी २० वर्षे आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला ५० घन सेंमी. पर्यंतच्या इंजिनाची, गियर नसलेली दुचाकी चालविता येते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ मध्ये आली आणि अशा मोपेड महाविद्यालयांच्या आवारांत भरून गेल्या, त्या काळाला ही तरतूद शोभत होती. आज या क्षमतेची पेट्रोल दुचाकी बाजारात जवळपास मिळत नाही, आणि सोळा-सतरा वर्षांची मुले सर्रास १०० घन सेंमी. च्या वरच्या स्कूटर चालवतात. ते बेकायदा आहे. विजेच्या दुचाकीची मोटार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची व वेग ताशी २५ किमी. च्या आत असेल, तर नियमांतील अटी पाळून ती ‘मोटार वाहन’ या व्याख्येबाहेर राहते आणि तिला अनुज्ञप्ती लागत नाही.

शिकाऊ ते पक्की : प्रथम शिकाऊ अनुज्ञप्ती (‘कच्चं लायसन’) घ्यावी लागते. तिची मुदत सहा महिने असते. वाहतुकीचे नियम व चिन्हे यांवरील संगणकीय चाचणीत किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार पडताळणी करून ही चाचणी घरबसल्या देता येते. सोय मोठी आहे, पण उमेदवाराऐवजी दुसराच कोणी उत्तरे देतो अशा तक्रारीही आल्या. नियमांची ओळख पटवून घेण्याचा हा एकमेव टप्पा असल्याने या तक्रारी गंभीर मानल्या पाहिजेत. शिकाऊ चालकाच्या वाहनावर पुढे-मागे लाल ‘एल’ हवा, आणि चारचाकीत शेजारी अनुज्ञप्तीधारक शिक्षक बसलेला हवा.

शिकाऊ अनुज्ञप्तीला ३० दिवस झाले की पक्कीसाठी चाचणी देता येते. दुचाकीला आठाचा आकडा काढायचा, चारचाकीला वळणे, उलट दिशेने गाडी घेणे आणि चढावर थांबवून पुन्हा उचलणे, असे तिचे साधारण स्वरूप असते. भोसरी येथील केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेच्या आवारात यासाठी आखलेला मार्ग आहे. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची कल्पना आणली. तिथे हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत पुरा करून केंद्राची चाचणी उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातील वाहनचाचणीतून सूट मिळते. अनुज्ञप्ती मात्र कार्यालयच देते, आणि कोपऱ्यावरच्या प्रत्येक मोटार ड्रायव्हिंग स्कूलला हा दर्जा नाही. अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अर्ज राज्यातील कोणत्याही अनुज्ञापन प्राधिकाऱ्याकडे करता येतो. अर्ज, शुल्क व वेळ ठरविणे ‘सारथी’ या संगणक प्रणालीतून होते.

मुदत व नूतनीकरण : २०१९ पूर्वी खाजगी वाहनाची अनुज्ञप्ती २० वर्षे किंवा वयाची ५० वर्षे यांपैकी जे आधी येईल तोवर चाले. आता तिशीच्या आत मिळालेली अनुज्ञप्ती वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयात मिळालेली १० वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयात मिळालेली साठीपर्यंत आणि त्यापुढे मिळालेली पाच-पाच वर्षे चालते. या बदलाने मुदत वाढली असे सरसकट सांगितले जाते, ते बरोबर नाही. अठराव्या वर्षी घेणाऱ्याला २० ऐवजी २२ वर्षे मिळतात हे खरे. पण एकोणतिसाव्या वर्षी घेणाऱ्याला पूर्वी २० वर्षे मिळत, आता ११ मिळतात, आणि एकतिसाव्या वर्षी घेणाऱ्याची १९ ची १० झाली. फायदा झाला तो विशीच्या आतल्यांचा आणि चाळिशी ते पंचावन्न या वयातल्यांचा. परिवहन वाहनासाठी मुदत तीनवरून पाच वर्षांवर आणि धोकादायक माल वाहून नेणाऱ्यांसाठी एकावरून तीन वर्षांवर गेली.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष या काळात करता येतो. चाळिशीपुढील अर्जदाराला नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पूर्वी ही सीमा पाच वर्षांची होती. इथे एक गैरसमज खोल रुजला आहे. नंतरचे एक वर्ष हे अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालविण्यासाठी नाही. जुन्या कायद्यात मुदतीनंतरही ३० दिवस अनुज्ञप्ती अंमलात राही. ते परंतुक २०१९ मध्ये वगळले गेले. म्हणून मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चालक कायद्याच्या दृष्टीने विनाअनुज्ञप्ती असतो, आणि मुदतीनंतर केलेल्या नूतनीकरणाचा अंमल नूतनीकरणाच्या दिवसापासून सुरू होतो. मधली पोकळी भरून निघत नाही. अपघात नेमका त्या पोकळीत घडला, तर विम्याचा दावा अडू शकतो. कार्डावरची तारीख वेळीच पाहण्याचे महत्त्व यात आहे. कोविडच्या साथीत, २०२० व २०२१ मध्ये, केंद्राने अशा कागदपत्रांची वैधता अनेकदा वाढवली होती, पण तो अपवाद होता.

बनावट अनुज्ञप्तीचे कार्यालयाने अनवधानाने नूतनीकरण केले, तरी ती खरी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कमला खटल्यात (२००१) स्पष्ट केले आहे.

हलके मोटार वाहन व परिवहन वाहन यांचा वाद : अनुज्ञप्तीच्या कायद्यातील सर्वांत लांबलेला प्रश्न हा आहे. अधिनियमाच्या कलम २(२१) प्रमाणे ‘हलके मोटार वाहन’ या व्याख्येत ७,५०० किग्रॅ. पर्यंतची परिवहन वाहनेही येतात. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा ६,००० किग्रॅ. होती. त्याच दुरुस्तीने कलम १०(२) मधील मध्यम व जड, माल व प्रवासी अशा चार वर्गांऐवजी ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग घातला. मग टेम्पो, टॅक्सी किंवा ‘छोटा हत्ती’ चालविणाऱ्याजवळ नुसती हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती पुरे, की परिवहन वाहनाची वेगळी नोंद हवी? अपघातानंतर विमा कंपन्या ही नोंद नाही म्हणून भरपाई नाकारू लागल्या आणि देशभरातील न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंनी पडले.

मुकुंद देवांगन खटल्यात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वेगळी नोंद लागत नाही असे ठरविले, आणि एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना तशी सूचना दिली. तरीही शंका उरल्या. परिवहन वाहनासाठी किमान वय, वैद्यकीय तपासणी आणि हलक्या वाहनाचा वर्षभराचा अनुभव या अटी कायद्यात वेगळ्या असताना त्या निरर्थक ठरतील, हा आक्षेप वजनदार होता. अखेर रंभा देवी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी देवांगन निकाल कायम केला. न्या. हृषिकेश रॉय यांनी लिहिलेल्या निकालानुसार परिवहन वाहनासाठीच्या जादा अटी ७,५०० किग्रॅ. वरील एकूण वजनाच्या वाहनांना लागू होतात. ई-रिक्षा, ई-कार्ट व धोकादायक माल नेणारी वाहने यांच्या विशेष अटी तशाच राहतात. हलक्या वाहनाच्या अनुज्ञप्तीवर परिवहन वाहने चालविल्यामुळे अपघात वाढले, हे दाखविणारी आकडेवारी समोर आली नाही, असेही न्यायालयाने नोंदविले. व्याख्येच्या शब्दांना धरून पाहता हा अर्थ सुसंगत वाटतो. आक्षेपातील सुरक्षेचा भाग मात्र कायदे मंडळाने नियमांतूनच सोडवायला हवा. व्यापारी वाहन दिवसाचे बारा तास चालविणारा आणि रविवारी कुटुंबाला फिरवून आणणारा यांच्यावरील ताण सारखा नसतो.

विमा : अनुज्ञप्ती नसणे किंवा सदोष असणे एवढ्यावरून अपघातग्रस्त त्रयस्थाची भरपाई बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयातील स्वर्ण सिंग खटल्यापासून (२००४) विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी व योग्य प्रसंगी ती वाहनमालकाकडून वसूल करावी, हे तत्त्व रूढ झाले. त्यामुळे ड्रायव्हर ठेवताना त्याची अनुज्ञप्ती पाहणे ही मालकाची खरी जबाबदारी आहे.

गमावणे व शिक्षा : एका व्यक्तीजवळ एकच अनुज्ञप्ती असू शकते. हरवली तर दुय्यम प्रत मिळते. २०१८ पासून डिजिलॉकर व एम-परिवहन यांतील डिजिटल प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. मोबाइलवर काढून ठेवलेले छायाचित्र मात्र तसे ग्राह्य नाही. लाल दिवा ओलांडणे, अतिवेग, मद्यपान, वाहन चालवताना मोबाइल वापरणे, जादा भार आणि मालवाहनातून माणसे नेणे यांसाठी किमान तीन महिने अनुज्ञप्ती निलंबित करावी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना कळविले. २०१९ च्या दुरुस्तीने विनाअनुज्ञप्ती वाहन चालविण्याचा दंड ५०० वरून ५,००० रुपये झाला. महाराष्ट्राने वाढीव दंडांचा अंमल लांबवून डिसेंबर २०२१ मध्ये सुधारित दर लागू केले. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही.

परदेशात : १९४९ च्या जिनीव्हा करारानुसार भारतातील परिवहन कार्यालये वैध अनुज्ञप्तीधारकाला एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना देतात. ग्रेट ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्याला भारतीय अनुज्ञप्तीवर १२ महिने गाडी चालविता येते. ती तिथल्या अनुज्ञप्तीशी बदलून मिळत नाही. त्यामुळे पुण्यात वीस वर्षे गाडी चालविलेल्यालाही तिथे पुन्हा शिकाऊ अनुज्ञप्तीपासून सुरुवात करावी लागते.