ट्विन लेक्सच्या काठचं लाकडी घर

अलास्कातल्या ट्विन लेक्सच्या वरच्या तळ्याकाठी एक लाकडी घर आहे. तिथे रस्ता जात नाही, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानेच पोचता येतं. मुळात हा प्रदेश दिनाइना लोकांचा. ते पिढ्यानपिढ्या इथे शिकार आणि मासेमारी करत आले. हे घर मात्र 1968 सालचं, रिचर्ड ऊर्फ डिक प्रेनेकी यांनी बांधलेलं.

प्रेनेकी 1916 मध्ये आयोवात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात सुतार होते, पुढे अलास्कात अवजड यंत्रं चालवणं आणि दुरुस्त करणं हाच त्यांचा धंदा झाला. 1962 मध्ये त्यांनी हे तळं पाहिलं. मग 1967 च्या उन्हाळ्यात स्प्रूसची झाडं तोडली, साली सोलल्या आणि ओंडके रचून वाळत ठेवले. हे वर्षभराचं थांबणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ओलं लाकूड भिंतीत बसवलं की ते आकसतं आणि फटी पडतात.

पुढच्या मे महिन्यात ते परतले, तेव्हा वजन वाचवण्यासाठी काही हत्यारांची नुसती पाती आणली होती. त्यांचे दांडे त्यांनी तिथल्याच लाकडातून तासले. वरच्या ओंडक्याची खाच खालच्या ओंडक्याच्या गोलाईवर चपखल बसेपर्यंत कोरायची, अशा एकेक कोपऱ्याने भिंती उभ्या राहिल्या. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडीच. पेट्रोलचे रिकामे डबे कापून भांडी आणि साठवणीचे डबे केले. छपरावर शेवाळाचे थर आले, काठावरच्या दगडांची शेगडी आणि धुराडं झालं. आतली जागा साधारण 11 बाय 15 फूट.

हे सगळं ते कॅमेऱ्यावर टिपत होते आणि रोज वहीतही लिहीत होते. आज त्या घराचा इतिहास इतका बारीक कळतो, तो त्यामुळेच. त्यांच्या एकांताचं कौतुक होतं ते रास्तच, पण किराणा आणि पत्रं घेऊन येणारे वैमानिक बेब ऑल्सवर्थ यांच्याशिवाय ही कथा अपुरी आहे.

1980 मध्ये हा परिसर लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात आला. प्रेनेकी तिथेच राहिले. हवामानाच्या आणि प्राण्यांच्या त्यांच्या नोंदी उद्यानालाही उपयोगी पडल्या. ऐंशी ओलांडल्यावर ते कॅलिफोर्नियात भावाकडे गेले आणि 2003 मध्ये वारले. घर त्यांनी उद्यानाच्या हवाली केलं होतं. 2007 मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली. उन्हाळ्यात येणारे पाहुणे आजही तेच लाकडी दार उघडून आत जातात.