वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट

घरातील विजेचे काम परवानाधारक कंत्राटदाराने केले असून ते तपासले आहे, असे सांगणारे त्याच्या सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र. पुण्यात नवे मीटर घेताना किंवा वीजभार वाढवताना महावितरणच्या अर्जासोबत ते लागते. त्यामुळे तो महावितरणचाच कागद असावा असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मीटरच्या पुढची सारी वायरिंग ग्राहकाची. कंत्राटदाराला परवाना राज्य शासन देते. वायरमनचा परवाना वेगळा, आणि नुसत्या त्याच्या जोरावर स्वतंत्र कंत्राट घेता येत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार (२०१०, त्यांच्या जागी २०२३) वायरिंग करणे, वाढवणे, बदलणे ही कामे परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागतात. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्याला सूट आहे. एसीसाठी नवी लाइन ओढणे मात्र त्या सुटीत बसत नाही, आणि नेमके तेच काम ओळखीच्या माणसाकडून उरकले जाते.

मुख्य चाचणी मेगरची, म्हणजे तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाची. मेन स्विच बंद करून दिवे व उपकरणे काढतात, बटणे चालू ठेवतात आणि तारा व अर्थिंग यांच्यामध्ये ५०० व्होल्ट डीसी मिनिटभर लावतात. रोध किमान १ मेगओहम यावा. ओल धरलेल्या भिंतीत किंवा आवरण तडकलेल्या जुन्या तारेत आकडा घसरतो. पुढची तपासणी पोलॅरिटीची: बटण फेजच्याच तारेवर हवे. ते न्यूट्रलवर बसले असेल, तर दिवा विझूनही होल्डर जिवंत राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. अर्थिंगची सलगता आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) ट्रिप होणेही पाहावे. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण दाबले की अर्थिंगही तपासले गेले, हा गैरसमज आहे.

पेठांमधल्या वाड्यांत लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज अजूनही आढळतात. तिथे अर्थिंगची तार अनेकदा नसतेच. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, तीन पिनांचा नवा सॉकेट आणून बसवला, तरी तिसऱ्या पिनेमागे काही नसते.

हा कागद घर न पाहताही मिळू शकतो, हे उघड गुपित आहे. असा रिपोर्ट अर्ज पुढे सरकवतो, एवढेच. म्हणून सहीआधी मेगरचा आकडा आपल्यासमोर लिहून घ्यावा आणि परवान्याचा क्रमांक व मुदत पाहावी. १५ मीटरहून उंच इमारतीत वीजपुरवठा सुरू होण्याआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी वेगळी असते; नंतर एखाद्या फ्लॅटमध्ये केलेल्या फेरफारांना ती लागू धरता येत नाही.