येरझाऱ्या

कुठेही पोहोचायचे नसताना खोलीत, गॅलरीत किंवा व्हरांड्यात सारखे इकडून तिकडे चालणे म्हणजे येरझाऱ्या घालणे. शतपावली माणूस ठरवून करतो. येरझाऱ्या बहुधा नकळत सुरू होतात आणि कोणी ‘जरा बस ना’ म्हटल्यावर ध्यानात येतात.

नेहमीचे कारण ताण. ॲड्रेनलिन स्रवते, नाडी वाढते, स्नायू पळायला सज्ज होतात. पण प्रसूतिगृहाबाहेर ताटकळणाऱ्याला पळायचे कुठे? नुसत्या विचारानेही पाय चालू लागतात, आणि ते वाया जात नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ओपेझो व श्वार्ट्झ यांच्या २०१४ मधील प्रयोगांत बसण्यापेक्षा चालताना नव्या कल्पना अधिक सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही. एकच अचूक उत्तर शोधताना मात्र हा फायदा दिसला नाही.

नैराश्यात माणूस पडूनच राहतो असे नाही. काहींना बसवत नाही, हात चोळत ते फेऱ्या मारतात. उन्मादावस्थेत आणि दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांतही असे होते. ऑटिझममध्ये मात्र लयबद्ध फेऱ्यांनी मन शांत होत असेल, तर त्या थांबवण्याची गरज नसते.

सर्वाधिक चूक होते ती अकॅथिसियाबाबत, म्हणजे स्वस्थ बसू न देणाऱ्या आतल्या तगमगीबाबत. चेक वैद्य लादिस्लाव हाश्कोवेत्स यांनी १९०१ मध्ये हे नाव दिले. आज हा त्रास मुख्यतः मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाला रोखणाऱ्या औषधांनी होतो: हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकारावरील औषधे, तसेच उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत वा आठवड्यांत रुग्ण ‘आतून तगमग होते’ म्हणू लागतो. बसला की पाय हलवतो, उभा राहिला की एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतो. हा त्रास मोजणाऱ्या बार्न्स मापनश्रेणीनुसार (१९८९) त्याला बसवून आणि उभे करून किमान दोन-दोन मिनिटे पाहतात. ही तगमग मूळ आजाराचीच समजून डोस वाढवला, तर ती आणखी वाढते. खरा उपाय म्हणजे डोस कमी करणे, औषध बदलणे किंवा प्रोप्रॅनोलॉल हे औषध देणे, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्याने. घरच्यांनी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. फक्त रात्री, अंथरुणावर पडल्यावर पायांतच वळवळ होत असेल, तर अस्वस्थ पायांच्या विकाराची शक्यता अधिक. त्यात रक्तातील लोह तपासतात.

स्मृतिभ्रंशात येरझाऱ्या अनेकदा संध्याकाळी वाढतात. झोपेची गोळी देण्याआधी लघवी तुंबली आहे का, बद्धकोष्ठ, भूक किंवा दुखणे आहे का, हे पाहावे. सांगता येत नसल्याने माणूस चालत राहतो.